जाळलेले रोखे, जपलेली दप्तरे : पारनेरच्या निमित्ताने

१/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद : कर्जरोखे, खतावण्या, हिशेबाच्या वह्या. ते हाती येताच त्यांची होळी करण्यात आली. (हे सुपे आजच्या बारामती तालुक्यातील. नगर-पुणे रस्त्यावरच्या, पारनेर तालुक्यातील सुप्याशी त्याची अनेकदा गल्लत होते.) पुढील काही आठवड्यांत हे लोण नगर जिल्ह्यात पोहोचले आणि पारनेर, श्रीगोंदे या तालुक्यांतील गावांतही असेच रोखे पेटले.

२/
इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने येते. कारणे आणि परिणाम पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. आजच्या धाग्यात मात्र त्या जळालेल्या कागदांपाशी थोडे थांबायचे आहे. महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे इतिहास मंडळे जुने कागद शोधत, जुळवत, छापत आली आहेत. ती नेमके काय जपतात? आणि ज्या तालुक्यात लोकांनी एकेकाळी कागद ठरवून जाळले, तिथे कागद जपा असे सांगण्याला काय अर्थ उरतो?

३/
आधी रोख्यांविषयी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला विलक्षण भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे मात्र उभी राहिली. त्याच सुमारास जमीनमोजणीची तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली होती आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत शेतसारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. एकीकडे उत्पन्न घटलेले, दुसरीकडे सरकारचा हप्ता वाढलेला. मधल्या खिंडीत सावकार उभा होता.

४/
त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. रोख्याची वैधता तीन वर्षे ठरवण्यात आली. हेतू असा की, व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला आणि त्या वाढीव मुद्दलावर पुन्हा व्याज चढू लागले. लिहिणारा सावकाराचा, वाचणाराही सावकाराचा. शेतकऱ्याने करायचे ते एवढेच : खाली निशाणी करायची.

५/
ही निशाणी म्हणजे बहुधा नांगराची आकृती. अक्षरओळख नसलेला कुणबी आपली संमती नांगर काढून नोंदवत असे. ज्या अवजारावर घर चालायचे, तेच अवजार कागदावर उतरले की घर गहाण पडायचे. १८७५ च्या लोकांनी सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर हात का टाकला, हे इथे उमगते. चौकशीत दिसले तेही असेच : जिथे रोखे निमूटपणे हवाली केले गेले, तिथे बहुधा मारहाण झाली नाही. लोकांचा रोख अचूक होता. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू कागद आहे, हे त्यांनी ओळखले होते.

६/
मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने साक्षी घेतल्या, गावांचे आकडे जमवले आणि मोठा अहवाल तयार केला. आज त्या शेतकऱ्यांविषयी आपल्याला जे कळते, त्यातील बराचसा भाग या अहवालातून कळतो. पण अहवालाचा निष्कर्ष काय? वाढीव शेतसारा हे दंग्यांचे कारण नव्हे, दोष सावकारीचा. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारला दोषमुक्त केले! हा कागद अस्सल आहे, मौल्यवानही आहे. तरीही तो एका बाजूचा आहे. कागदाचा अस्सलपणा आणि त्याचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी शिकावे ते हेच.

७/
पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याला कर्जापायी कैदेत टाकणे बंद झाले. रोख्यावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. शेतकऱ्यांचे दस्त निबंधकासमोर लिहिले जावेत, अशीही तरतूद झाली. म्हणजे कागद जाळणाऱ्यांच्या लढ्यातून शेवटी निघाली ती अधिक चांगल्या कागदाची व्यवस्था. कागद नकोच, अशी त्यांची मागणी नव्हतीच. आपली बाजूही कागदावर यावी, ही त्यातली खरी तळमळ होती.

८/
आता दुसऱ्या प्रकारच्या कागदांकडे वळू. याच पारनेर परिसरात पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दप्तरे होती : वतनपत्रे, सनदा, कौलनामे, महजर, ताळेबंद. महजर म्हणजे गोतसभेने वादाचा निवाडा करून लिहिलेला दस्तऐवज. त्याच्या शेवटी हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असतात. पाटलाच्या नावापुढे तोच नांगर दिसतो आणि बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या आकृती. रोख्यावरचा नांगर अडकवणारा, तर महजरावरचा नांगर मानाचा. चिन्ह एकच, पण कागदाची जात पालटली की अर्थ पालटतो.

९/
ही दप्तरे टिकली कशी? इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, हक्काच्या काळजीपोटी. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांनी इनामे व वतने यांची छाननी सुरू केली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्याच्यापाशी सनद नाही, त्याचे इनाम धोक्यात. त्यामुळे कापडी रुमालात बांधलेले, देवघरात किंवा माळ्यावर ठेवलेले कागद घराण्यांनी जिवापाड सांभाळले. कागद म्हणजे जमीन, कागद म्हणजे मानपान. जाळणारा आणि सांभाळणारा, दोघांनाही कागदाचे बळ सारखेच ठाऊक होते.

१०/
या खासगी दप्तरांना इतिहासाची साधने म्हणून पाहण्याची दृष्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. काशीनाथ नारायण साने प्रभृतींचे ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक १८७८ मध्ये सुरू झाले. मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे वर्षानुवर्षे उतरवून घेतली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवर चढले, वाळवीने खाल्लेली गाठोडी सोडली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली.

११/
एकट्याने हिंडून हे काम पुरे होणारे नाही, हे राजवाड्यांनाही दिसत होते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात त्यांनी आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सरकारी आश्रयाची वाट न पाहता शिक्षक, वकील, सरदार घराण्यांतील मंडळी आणि हौशी अभ्यासक एकत्र आले. सभांमध्ये नवे सापडलेले कागद वाचून दाखवायचे, त्यांवर वाद घालायचा आणि मग ते छापायचे, अशी शिस्त पडली. आज मंडळाच्या संग्रहात सुमारे १५ लाख कागद आणि सुमारे ३० हजार हस्तलिखिते असल्याचे सांगितले जाते. राजवाड्यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यानंतर त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

१२/
या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, कागद जसाच्या तसा छापला जाई आणि तो कोणाच्या दप्तरातून आला हेही नोंदले जाई. म्हणजे संपादकाचे मत न पटणाऱ्यालाही मूळ मजकूर हाताशी राही. एकच उदाहरण घ्या. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ मध्ये ती मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. तीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा नोंदलेला होता. पूर्वी प्रचलित असलेल्या तिथीला तिने आव्हान दिले. पुढे अनेक दशके चर्चा चालली आणि अखेर राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. भोर तालुक्यातील एका गावच्या घरात कुणीतरी सांभाळलेल्या कागदाने हे घडवले. तो कागद त्याआधीच रद्दीत गेला असता तर?

१३/
रद्दीचा प्रश्न काल्पनिक नाही. स्वातंत्र्यानंतर वतने रद्द झाली : १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ज्या कारणासाठी घराण्यांनी कागद जपले, ते कारणच एका पिढीत संपले. त्याच सुमारास मोडी लिपी शाळांतून हद्दपार झाली. आजोबांना हक्काचा पुरावा वाटणारे गाठोडे नातवाला न वाचता येणारी अडगळ वाटू लागले. १८७५ ची आग काही आठवड्यांत विझली. ही दुसरी झीज गेली सत्तर वर्षे चालू आहे आणि तिचा धूरही दिसत नाही.

१४/
पारनेर तालुक्याकडे या नजरेने पाहा. टाकळी ढोकेश्वरची शैव लेणी आहेत. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. तो पुढे रयत शिक्षण संस्थेच्या कामी आला आणि वापरात राहिलेली वास्तू अधिक टिकते याचा दाखला ठरला. पळशीला होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा वाडा, तटबंदी आणि कोरीव कामाचे विठ्ठल मंदिर आहे. १८८० मध्ये पारनेरलाच सेनापती बापटांचा जन्म झाला. दगड जागेवर राहतो, म्हणून तो आपल्याला दिसतो. कागद मात्र माणसांबरोबर फिरतो. जामगावचा इतिहास लिहायचा तर ग्वाल्हेरकडे आणि पळशीचा लिहायचा तर इंदूरकडे पाहावे लागते. या दोहोंसाठी पुण्याचे पुराभिलेखागारही धुंडाळावे लागते. तालुक्याचा इतिहास तालुक्यातच मिळेल, असा भरवसा नाही. म्हणून जे अजून तालुक्यात आहे, ते अधिक मोलाचे.

१५/
इथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. इतिहास मंडळांनी जपले ते बहुतांशी लिहिणाऱ्यांचे आणि हक्कदारांचे कागद : सरदार, वतनदार, मठ, देवस्थाने. ज्यांच्यापाशी जमीनच नव्हती, त्यांच्यापाशी सनद कुठून असणार? स्त्रियांच्या हातची पत्रे किती? नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला तो रोखा लिहिताना काय वाटले, हे कोणत्याही रुमालात सापडत नाही. हा मंडळांच्या कामाला दिलेला दोष नव्हे. त्यांनी जे वाचवले, ते वाचवले नसते तर हा प्रश्न विचारण्याइतकीही सामग्री आपल्यापाशी उरली नसती. पण पुढच्या पिढीचे काम कुठून सुरू होते, ते यावरून कळते.

१६/
कागदाबाहेरही इतिहास जपता येतो, याचे उत्तम उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पोआतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव नोंदवून ठेवले. राजवाड्यांनी कागदासाठी जी शिस्त घातली, तीच इथे आवाजासाठी पाळली गेली : मजकूर जसाच्या तसा, आणि तो कोणाकडून आला याची नोंद. ज्यांची निशाणीही कुठल्या महजरावर नाही, अशा स्त्रियांचा शब्द त्यामुळे टिकला. गावच्या मारुतीपाशी तेलरंग फासलेले वीरगळ, पडक्या बारवा, शेतांची नावे, आळ्यांची नावे हीही अशीच साधने आहेत.

१७/
सरकारी कनिष्ठ नोंदीही कमी लेखू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि राज्यभरातील तहसील कचेऱ्यांत जुनी दप्तरे उघडली गेली. शाळांची प्रवेश रजिस्टरे आणि जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यांची पाने तपासली जाऊ लागली. मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी टंचाई जाणवली. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचे मत काहीही असो. दीडशे वर्षांपूर्वी रोख्यावर नांगर काढणाऱ्याच्या पणतवंडांना आज त्याच काळातील नोंद हवी आहे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. कोणता कागद पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे जपणाऱ्याला आधी कधीच कळत नाही. म्हणून निवड करून जपू नये. सापडेल ते जपावे.

१८/
आता व्यवहाराकडे. जुना हातकागद वाटतो त्याहून चिवट असतो. पारनेरच्या शेजारचे जुन्नर एकेकाळी कागदासाठी प्रसिद्ध होते आणि जुन्नरी कागदावर काजळीच्या शाईने लिहिलेली अक्षरे आजही ठसठशीत दिसतात. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गिरणीचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुकडे होऊन गळतो. म्हणजे १७६० चे पत्र शाबूत आणि १८९० ची पावती चुरा, असे एकाच गाठोड्यात दिसू शकते. ओल, वाळवी, कसर, उंदीर आणि ऊन हे कागदाचे नेहमीचे शत्रू. त्यात माणसाच्या सद्हेतूची भर पडते. फाटलेल्या कडेवर चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिचा गोंद कागद खातो. लॅमिनेशन केले की तो कागद पुन्हा सुरक्षितपणे मोकळा करणे जवळजवळ अशक्य होते.

१९/
तुमच्या घरी किंवा गावात दप्तर असेल तर एवढे करा.
• गाठोडे ज्या क्रमाने बांधले आहे, तो क्रम मोडू नका. क्रम हाही पुरावा असतो.
• चिकटपट्टी, लॅमिनेशन, प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. स्वच्छ सुती कापड पुरते.
• प्रत्येक पानाचे, मागच्या बाजूसह, दिवसाच्या उजेडात पण थेट उन्हाबाहेर छायाचित्र घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा.
• कागद कोणाच्या घरी, कोणत्या गावी, कधी पाहिला, हे लगेच लिहून ठेवा. ठावठिकाणा हरवलेला कागद अर्धा मुका होतो.
• मूळ कागद मालकाकडेच राहू द्या. विश्वास गमावला की पुढची दहा घरे बंद होतात.
• तालुक्यातील दोघातिघांनी तरी मोडी शिका. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे मोडी वर्ग होत असतात.

२०/
आणि एक पथ्य. जुन्या कागदांत आपल्या घराण्याला न आवडणारी गोष्ट निघू शकते : हरलेला वाद, बळकावलेली जमीन, दुसऱ्या आळीवर लादलेली वेठ. तेवढे पान बाजूला काढून उरलेले छापण्याचा मोह होतो. तसे केले की आपण इतिहास मंडळ राहत नाही, घराण्याचे भाट होतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. मंडळे जपतात ती एका घराण्याची किंवा जातीची थोरवी नव्हे. नंतर येणाऱ्या कुणालाही तोच कागद पुन्हा उघडून उलटतपासणी करता यावी, ही शक्यता ती जपतात.

२१/
१८७५ च्या शेतकऱ्यांना ही शक्यता नाकारली गेली होती. रोखा सावकाराच्या पेटीत, वाचणारा सावकाराचा, निवाडा त्या रोख्यावरून. उलटतपासणीची वाट बंद झाली, तेव्हा त्यांनी काडी लावली. कागद सर्वांना वाचता येईल अशा जागी असणे आणि तो वाचण्याची विद्या सर्वांच्या हाती असणे, हे त्या आगीला दिलेले खरे उत्तर आहे. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जुन्नर, शिरूर या पट्ट्यातील तुम्हां वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर रुमाल असेल, तर या सुट्टीत तो खाली उतरवा. मोडी येत नसेल तरी शेवटच्या ओळींखाली एखादा छोटासा नांगर काढलेला दिसतो का, ते पाहा. दिसला, तर त्या पानाचे छायाचित्र आधी घ्या. नाव वाचायचे काम त्यानंतर करता येईल.